कशाचंही वावडं नसलेला डबा

2006-07 च्या सुमारास धुळ्यात आग्रा रोडला किंवा पाचकंदीलला डीव्हीडी प्लेअर घ्यायला आलेलं साक्रीकडचं गिऱ्हाईक दुकानदाराला लांबूनच ओळखू यायचं. त्याच्या पिशवीत घरून आणलेली एक डिस्क असायची. चांगली नव्हे, घरातली सगळ्यात वाईट डिस्क. चार घरी फिरून आलेली, पोरांनी फरशीवर भिरकावलेली, एका बाजूला हळदीचं बोट उमटलेली. दुकानदार मोठ्या कंपनीचा प्लेअर काढायचा आणि नमुन्याची चकचकीत डिस्क लावायचा. पडद्यावर निळा समुद्र, प्रवाळ, रंगीत मासे. दुकानदार चित्राच्या स्पष्टतेवर बोलायला लागला की गिऱ्हाईक पिशवीत हात घालायचं. ‘मासा ऱ्हाऊ द्या शेठ. हाई लावा.’

मोठ्या कंपनीचा प्लेअर ती डिस्क आत घ्यायचा, दोनदा घरघरायचा, विचार करायचा आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ अशी अक्षरं आणायचा. डिस्क आत आहे, सगळ्यांनी आत जाताना पाहिली आहे, तरी नो डिस्क. मग शेठ खालच्या फळीवरून दीड-दोन हजारांतला, नाव कधी कुणी ऐकलं नाही असा एक डबा काढायचे. तो तीच डिस्क घ्यायचा, खरखरायचा आणि चालू पडायचा. सौदा तिथेच संपायचा. त्या प्लेअरवर चित्र कसं दिसतं हा प्रश्न बहुतेकांनी घरी पोचल्यावरसुद्धा विचारला नाही.

यात अडाणीपणा काहीच नव्हता. जपानमध्ये 1996 च्या नोव्हेंबरात डीव्हीडी प्लेअर पहिल्यांदा विक्रीला आला, तेव्हा त्याची सगळी मिजास चित्राच्या बारकाव्यावर होती. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, डीव्हीडीचं 720 बाय 576 चं, म्हणजे चौपटीहून जास्त. पण हा फरक दिसायला समोर टीव्ही त्या लायकीचा हवा. साक्रीत तो चौदा किंवा एकवीस इंची फुगीर काचेचा होता आणि समोर बारा माणसं बसलेली असत. त्यातली निम्मी दारात उभी. तिथे ठिपके मोजायला कोण बसलंय? प्लेअर काय काय वाजवतो हाच खरा प्रश्न होता. घरात व्हीसीडी होत्या, डीव्हीडी होत्या, गाण्यांच्या एमपीथ्री डिस्क होत्या, एकाच डिस्कवर पाच सिनेमे कोंबलेल्या ‘फाइव्ह इन वन’ होत्या आणि स्टुडिओवाल्याने दिलेलं थोरल्या मुलीचं लग्न होतं. ज्याला यातलं काहीच वर्ज्य नाही तो प्लेअर चांगला, अशी सरळ व्याख्या होती.

स्वस्त प्लेअरची लेन्स श्रेष्ठ असायची असं मात्र समजू नये. ओरखडा आला की शिस्तीचा प्लेअर तिथेच अडून बसे. स्वस्तातला बेधडक पुढे उडी मारी. नायक घोड्यावर टांग टाकायचा आणि पुढच्याच क्षणी कोर्टात उभा असायचा. मधलं काय झालं ते बघणारे आपापसांत ठरवून घेत. काही सिनेमांचं त्यात भलंच झालं.

खोक्यावरचा मजकूर हा वेगळाच वाङ्मयप्रकार होता. प्लेअरबरोबर स्पीकरचा संच घेतला की समोर सोनेरी अक्षरांत ‘5000 वॅट पीएमपीओ’ लिहिलेलं असायचं आणि मागच्या पत्र्यावर, वायरीजवळ, बारीक अक्षरांत वीज लागते तीस-चाळीस वॅट. चाळीस वॅट खाऊन पाच हजार वॅटचा आवाज काढणारं हे यंत्र खरं असतं, तर महावितरणने ते आधी विकत घेतलं असतं. पीएमपीओ हा आकडा म्हणजे क्षणाच्या कुठल्या तरी अंशात, आदर्श परिस्थितीत, कागदावर निघू शकेल असा आवाज. तो मोजायची एक सर्वमान्य पद्धत नसल्याने छापणाऱ्याचा हात जिथे थांबेल तिथे आकडा थांबायचा. तरी गिऱ्हाईक पाच हजारवाला सोडून तीन हजारवाला घेत नसे. शेजाऱ्याकडे चार हजारवाला असे, हे त्याचं साधं कारण.

साक्रीला रेल्वे नाही. गाव कान नदीच्या काठी, सुरत-धुळे-नागपूर या जुन्या सहा नंबरच्या हायवेवर. त्यामुळे प्लेअर येई तो एसटीने, बहुधा मांडीवर. धुळ्याहून नाही आला तर सुरतेहून येई. सुरतेत उधना-लिंबायतकडे अर्धा खान्देश राहायला गेलेला; साड्यांच्या कारखान्यात काम करणारा भाऊ दिवाळीला किंवा आखाजीला गावी निघाला की त्याला फर्माईश जायची. कोंडाईबारीच्या घाटात गाडी वळणं घ्यायला लागली की तो प्लेअर असा छातीशी धरायचा, की कंडक्टरही त्याचं तिकीट मागायचा नाही. घरी आल्यावर समोरच्या पट्टीवरचं पारदर्शक प्लास्टिक कुणी काढायचं नाही. ते पुढे चार-पाच वर्षांनी आपणहून कोपऱ्यातून सुटायला लागायचं, आणि तेव्हाही घरातली कुणीतरी काकू ते अंगठ्याने परत चिकटवायची. वर क्रोशाचा रुमाल. त्या रुमालामुळे यंत्राची गरम हवा आतच राहायची आणि साक्रीच्या मे महिन्यात ते आणखी तापायचं. तरी रुमाल हटला नाही.

मग लाईट जायची.

2005 नंतरची काही वर्षं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनाचा जो काही कहर होता, तो साक्री तालुक्याने विशेष चवीने भोगला. ब्राह्मणवेलच्या माळावर शेकडो पवनचक्क्या डोळ्यांदेखत गरगर फिरताहेत आणि खाली घरात अंधार. वीज इथून निघते, इथे थांबत नाही, एवढाच हिशेब लोकांना कळायचा. (पुढे 2013 मध्ये तालुक्यातल्याच शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सौर प्रकल्पही आला, तोवर सिनेमे पाहून झाले होते.) स्वस्त प्लेअरला आठवण ठेवायची सवय नव्हती. दीड तास सिनेमा पाहून झाला आणि लाईट गेली, की परत आल्यावर तो पुन्हा श्रीगणेशापासून. एखाद्या घरी ‘माहेरची साडी’ची पहिली वीस मिनिटं आठवड्यात चार वेळा होत आणि शेवट कुणालाच पाहायला मिळत नसे. अर्थात त्या सिनेमात रडायला शेवटापर्यंत थांबावं लागत नाही, त्यामुळे बायकांची फारशी गैरसोय झाली नाही.

त्याहून वाईट म्हणजे डिस्क आत अडकणं. संगणकाच्या ड्राइव्हला पुढे टाचणी घालून ट्रे बाहेर काढायचं एक बारीक भोक असतं. घरच्या प्लेअरला बहुतेक वेळा तेही नसे. लायब्ररीतून दहा-पंधरा रुपये रोजाने आणलेली डिस्क लाईट येईपर्यंत आत कोंडलेली. लाईट रात्री अडीचला यायची. घरातले आबा उठून ट्रे उघडत, डिस्क कव्हरात घालत आणि सकाळी लायब्ररीत दुसऱ्या दिवसाचं भाडं द्यायला साफ नकार देत. लाईट नव्हती तर सिनेमा पाहिला कुठे, आणि पाहिलाच नाही तर भाडं कशाचं? लायब्ररीवाल्याकडे याचं उत्तर नसायचं, कारण त्याच्या दुकानातही तेव्हा लाईट नसायची.

2007 च्या आसपास मोझर बेअर या कंपनीने गंमत केली. कोऱ्या डिस्क बनवणारी ही कंपनी सिनेमांच्या धंद्यात उतरली आणि अस्सल व्हीसीडी 28 रुपयांना, अस्सल डीव्हीडी 34 रुपयांना विकायला लागली. म्हणजे चोरीच्या डिस्कच्या भावात कायदेशीर डिस्क, तीही किराणा दुकानात, साबणाच्या शेजारी. खान्देशातल्या घरांनी आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा ‘विकत’ घेतला तो या किमतीला. पण सरळ मार्गाने जाणाऱ्याचे भोग संपत नाहीत. अस्सल डिस्क लावली की आधी चोरी करू नका अशी तंबी, मग जाहिराती, मग येऊ घातलेल्या सिनेमांचे तुकडे. रिमोट दाबून ते पुढे ढकलायला जावं तर पडद्याच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाचं चिन्ह. डीव्हीडीच्या रचनेतच ही सोय आहे: डिस्क बनवणारा ठरवेल त्या भागात बघणाऱ्याची बटणं बंद. चोरीची डिस्क घेणाऱ्याला ही तंबी कधीच ऐकावी लागत नसे. ज्याने 34 रुपये मोजले त्यालाच रोज बजावलं जायचं की चोरी वाईट. आणि लाईट चारदा गेली तर चारदा.

ती कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीत निघून अवसायनात गेली. डिस्क मात्र अजून कपाटात आहेत.

रिमोटबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. तो पिशवीत असायचा, रबर लावून. त्यावर चाळीसेक बटणं, त्यातली कामाची सहा. ‘अँगल’ नावाच्या बटणाने घरोघरी मोठी उत्सुकता निर्माण केली होती. हे दाबल्यावर प्रसंग दुसऱ्या बाजूने दिसतो असं कुणीतरी सांगितलेलं. डीव्हीडीत तशी सोय खरोखर आहे, पण सिनेमा अनेक कोनांतून डिस्कवर भरलेला असेल तरच. दादा कोंडक्यांचा सिनेमा एकाच कोनातून भरलेला असायचा, आणि दुसऱ्या बाजूने काय दिसेल याची कल्पना करत पोरं ते बटण झिजवायची.

अशाच एखाद्या दुपारी कुणाच्या तरी हातून सेटिंग बदलायचं आणि सगळा मेनू चिनी व्हायचा. घरात सन्नाटा. पदवीधर मुलगा रिमोट घेऊन बसे आणि आणखी चार गोष्टी बिघडवून ठेवी. चित्र काळंपांढरं होई, आवाज एकाच स्पीकरातून येई. शेवटी गल्लीतल्या चौथीतल्या पोराला बोलावलं जायचं. तो पडद्याकडे बघायचाही नाही. ‘दोनदा उजवीकडे, तीनदा खाली, एंटर, परत खाली, एंटर.’ झालं इंग्रजी. इंग्रजीही घरात कुणाला फारसं येत नसे, पण आपल्याला जे येत नाही ते ओळखीचं असलं की बरं वाटतं. त्या पोराला एक चॉकलेट मिळे आणि आठ दिवसांनी परत बोलावणं येई. मेनू चिनी नेमका कोण करत होतं, याचा तपास कुणी लावला नाही.

परदेशातला नातेवाईक हा या यंत्राचा खरा परीक्षक. कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडून ठेवले होते: अमेरिका विभाग एक, युरोप आणि आखात दोन, भारत पाच. एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर वाजू नये असा बंदोबस्त. पुण्यामार्गे अमेरिकेला गेलेल्या पुतण्याने हौसेने डिस्क पाठवली की ब्रँडेड प्लेअर ती नियमावर बोट ठेवून परत करायचा. स्वस्त प्लेअरला एक तर हे विभाग ठाऊकच नसायचे, किंवा रिमोटवर कसलासा आकडा दाबला की तो विसरायचा. पुतण्याच्या बाळाच्या वाढदिवसाची घरीच भरलेली डिस्क असली तर विभागाचा प्रश्न नसे, पण तिकडची चित्रपद्धत वेगळी. तिकडे एनटीएससी, आपल्याकडे पाल. तिथे 525 रेषा, इथे 625. जुन्या टीव्हीवर ते चित्र रंग टाकून देई आणि खालून वर सरकत राही. अख्ख्या घराने माना हळूहळू वर नेत तो वाढदिवस पाहिला. ‘बाळ गोरं आहे’ एवढं आजीला समजलं, पण रंगच नसल्यामुळे ते तिला कसं समजलं हे कुणी विचारलं नाही.

या डब्यावर फक्त मुंबईचा आणि बाहेरचाच माल वाजला असं नाही. सटाण्याच्या बाजूने उतरलं की मालेगाव, आणि मालेगावात यंत्रमागांच्या खडखडाटात एक अख्खी सिनेसृष्टी उभी राहिलेली. नासिर शेख हे तिथे व्हिडिओ पार्लर चालवायचे. त्यांनी 2000 मध्ये पन्नासेक हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ काढला. मुंबईत तेवढ्या पैशांत घोडेसुद्धा भाड्याने मिळाले नसते, म्हणून डाकू सायकलींवर. पुढे त्यांच्या सुपरमॅनच्या सिनेमावर फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये केलेला माहितीपट जगभर फिरला आणि 2025 मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ थिएटरात लागला. धुळे-साक्रीकडच्या घरांना मात्र या मंडळींची ओळख महोत्सवांतून झाली नाही. खान्देशी कॉमेडीच्या आणि अहिराणी गाण्यांच्या डिस्क बाजारात हातगाडीवर, मोबाइलच्या कव्हरांशेजारी मिळायच्या. कॅमेरा हलायचा, आवाज पुढेमागे व्हायचा, पण बोलणं आपलं. पडद्यावरचा माणूस ‘काय व्हयनं भो?’ असं विचारतो आणि त्याच्यावर हसायचं नसतं, त्याच्याबरोबर हसायचं असतं, हे टीव्हीने तोवर दाखवलं नव्हतं. त्या डिस्क चित्राच्या कुठल्याही कसोटीला उतरल्या नसत्या. चौदा इंची टीव्ही आणि दीड हजारांचा प्लेअर यांच्यापुढे तसा प्रसंगच आला नाही.

काही प्लेअरना पुढे माइक लावायचं भोक असायचं. ते कराओकेसाठी होतं, असं खोक्यावर लिहिलेलं. साक्रीत त्यातून कानबाईची गाणी झाली, सत्यनारायणाची पोथी झाली आणि 26 जानेवारीच्या भाषणाची तालीम झाली. इको नावाचं बटण पूर्ण फिरवून ठेवलं की तिसरीतली मुलगी ‘अध्यक्ष महोदय’ म्हणायची आणि अध्यक्ष महोदय चार वेळा ऐकू यायचे. भाषण दुपटीने लांबायचं. घरच्यांना अभिमान वाटायचा.

दुरुस्तीचं दुकान हा या सगळ्याचा पुढचा अंक. ट्रे बाहेर येत नाही, ही सगळ्यात मोठी तक्रार. त्यामागे असायचा एक रबरी पट्टा, अंगठीएवढा. खान्देशच्या 43-44 अंशांत तो कडक व्हायचा आणि घसरायचा. घरगुती उपाय म्हणजे झाकणावर थाप. थाप कुठे आणि किती जोराने, याचं ज्ञान घरात एकाच माणसाला असायचं आणि तो नेमका शेतात गेलेला असायचा. मेकॅनिक पट्टा काढून उकळत्या पाण्यात टाकायचा. तेवढ्याने त्याला पुन्हा पकड यायची आणि काही महिने निघायचे. शेजारच्या टपरीवाल्याकडून पाणी यायचं, त्यामुळे पट्ट्याला कधीकधी आल्याचा वास येई. लेन्स धुळीने आंधळी झाली तर स्पिरिटचा बोळा. डिस्कवरच्या ओरखड्याला टूथपेस्ट, आणि हे खूळ नव्हे: पेस्ट बारीक घासते, वरचं प्लास्टिक किंचित झिजतं आणि उथळ ओरखडा मोडतो. डीव्हीडीत माहितीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती वरून बरंच सोसते. सीडी-व्हीसीडीचं तसं नाही. तिचा थर नाव लिहायच्या बाजूला, नुसत्या वार्निशाखाली असतो. म्हणजे खालची चकचकीत बाजू लोक जिवापाड जपत होते आणि वरच्या बाजूला बॉलपेनने दाब देऊन ‘चि. सौ. कां.’ पासून तारखेपर्यंत सगळं कोरत होते. नाव जितकं ठसठशीत, तितकं आतलं लग्न पुसट.

लग्नाच्या डिस्क तीन. एका व्हीसीडीत सव्वा तासच मावतो, म्हणून हळद, लग्न आणि पंगत. स्टुडिओवाला नवरानवरीचे चेहरे गुलाबात घालायचा, मग बदामात, मग ताजमहालाच्या घुमटावर, आणि एकदा तरी दोघांना बर्फात उभं करायचा. वऱ्हाड साक्रीचं असो नाहीतर पिंपळनेरचं, बर्फ ठरलेला. पंगतीची डिस्क सगळ्यात जास्त पाहिली गेली. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांवर कॅमेरा यायचा, डोक्यावर हॅलोजनचा फोकस, आणि माणूस बट्टी तोंडात धरून थिजलेला. त्या क्षणी जे जसे सापडले ते तसेच राहिले. कोण आलं होतं, कोण आलं नव्हतं, कुणाच्या अंगावर कुठली साडी होती आणि ती आधी कुणाच्या लग्नात दिली होती, याचे वाद पुढे वर्षानुवर्षं याच डिस्कवर मिटले. सगळे मिटले असं नाही. काही तिथूनच सुरू झाले.

प्लेअरचा जमाना कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड ‘भरून’ मिळायला लागलं, 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, आणि पुतणीच्या नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नव्हती. अमेरिकेत नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणं 29 सप्टेंबर 2023 ला थांबवलं तेव्हा तिकडे निरोपाचे लेख आले. साक्रीत असा निरोप कुणी दिला नाही, कारण प्लेअर कुणी टाकलेला नाही. तो टीव्हीखाली आहे, वर रुमाल, त्यावर गणपती. वायरी काढलेल्या. तो ठेवायचं कारण विचारलं की उत्तर एकच: ‘त्यात लग्न आहे ना.’

आता साक्री-धुळ्याचे काही स्टुडिओवाले या डिस्कमधलं लग्न पेन ड्राइव्हवर काढून देतात. अशाच एका दुकानात एक काका तीन डिस्क घेऊन आले होते; लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुलं मोठ्या टीव्हीवर लावणार होती. पोराने संगणकावर हळद उतरवली, पंगत उतरवली. मधली डिस्क मंगलाष्टकांपर्यंत नीट आली आणि टाळी लागायच्या वेळी पडदा काळा. आवाज येतोय, गडबड ऐकू येतेय, चित्र नाही. पोराने डिस्क पुसली, पेस्ट लावली, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली. तरी तेच. शेवटी त्याने मान हलवली, ‘काका, एवढा भाग गेला. डिस्क खराब आहे.’

‘डिस्कला काय धाड भरलीय,’ काका म्हणाले. ‘टाळी लागली तेव्हा लाईट गेली होती. पुढे चालव, जनरेटर सुरू होतो आता.’